टिनाखालचं सुकाणू

पहाटेचे साडेचार वाजलेत. मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरात टिनाखाली उभं राहून काम करायला हीच काय ती वेळ. शेडच्या खांबाला अडकवलेला थर्मामीटर ३० अंश दाखवतोय. भाचा तो बघतो, हातमोजे चढवतो आणि म्हणतो, "मामाजी, सहाच्या आत उरकलं पायजे. मंग रेझिन आपलं ऐकत नाई."

टेबलावर शिवणीच्या लाकडाचं एक पातं पडलंय. ९० सेंटिमीटर लांब, १२ रुंद. पुढची कड गोलसर, मागची निमुळती होत होत संपलेली. गावातल्या सुतारानं पट्ट्या जोडून फळी करून दिली, पुढचा रंधा आणि पॉलिश पेपर भाच्याचा. शर्यतीच्या नावेचं सुकाणू होणार आहे ते. समुद्र इथून रेल्वेनं एका रात्रीवर, आणि गावात नळाला पाणी येईल तेव्हा खरं. पण भाचा आयटीआय करून गोव्याला गेला, तिथल्या एका यार्डात फायबरच्या नावा बांधायला शिकला, आणि आता सुटीत घरी येताना कापडाची एक काळी गुंडाळी सोबत घेऊन आलाय. दोस्तांनी मिळून तिकडे एक 'मॉथ' बांधायला घेतली आहे. तिचं मागचं पातं याच्या वाट्याला आलंय.

मॉथ ही एका माणसाची नाव. लांबी जास्तीत जास्त ३.३५५ मीटर. बाकी नियम असे मोजके की चौकटीत बसेल तर ज्याला जशी सुचेल तशी त्यानं बांधावी. म्हणूनच घरच्या शेडमध्ये खटपट करणाऱ्यांचा या वर्गावर जीव. वारा भरला की पाण्याखालच्या पंखांवर ही नाव आख्खी उचलली जाते, आणि तळ हवेत ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या पुढे पळते. त्या वेळी पाण्यात उरतात दोनच पाती, एक मधलं आणि एक हे मागचं. नाव, शीड, माणूस, सगळ्यांचा भार या दोघांवर. टेबलावरच्या लाकडाकडे बघून यातलं काही मनात येत नाही. एखाद्या जुन्या पंख्याचं पातं वाटावं, इतकंच.

आकार मात्र भाच्याच्या मनचा नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या 'नाका' या विमानविद्येच्या सरकारी संस्थेनं पंखांच्या छेदांना चार आकडी क्रमांक दिले, त्यातला हा ००१२. पहिली दोन शून्यं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. शेवटचे दोन आकडे म्हणजे रुंदीच्या १२ टक्के जाडी. १२ सेंटिमीटरला १४ मिलिमीटरच्या जरा वर. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छेदाचं चित्र छापून घेऊन ह्यानं ते प्लायवर डकवलं, कापलं आणि फर्मे केले. मी फर्मा लाकडावर धरतो, मागून मोबाईलचा उजेड पाडतो. फट दिसत नाही.

"कापड कापून झालं काय?" तो आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतो.

"झालं. पण माह्यी कैची नाई वापरली म्या," माझी बहीण आतूनच सांगते. "मागच्या खेपेले बोथी करून ठेवली."

कार्बनचा धागा कैचीची धार खातो हे खरं आहे, त्यामुळे ह्यानं अमरावतीहून वेगळी कैची आणली आहे. बहीण गावात ब्लाऊज शिवते. गळ्याची पट्टी उरेब कापायचा तिचा हात बसलेला, म्हणून हे काम तिच्याकडे. काळं, चमकदार, तिरप्या विणीचं कापड; चौरस मीटरला २०० ग्रॅम. कडांना आधी कागदी टेप लावून मग टेपवरून कैची चालवलेली, नाहीतर धागे सुटे होऊन घरभर उडतात. ती पट्ट्या टेबलावर मांडते. दोन पट्ट्या उरेब, धागे ४५ अंशांत तिरपे. चार पट्ट्या वेगळ्याच, त्यांत आडवा धागा जवळजवळ नाहीच, सगळे उभे.

"असं काऊन, ते सांग तुह्या मामाले," ती म्हणते. तिला ठाऊक आहे, मला ऐकायचंय.

तो लाकडी पातं दोन्ही हातांनी धरून वाकवून दाखवतो. "पाणी बाजूनं ढकलते, तवा हे असं वाकते. वाकताना एका अंगचा धागा ताणला जाते, दुसऱ्या अंगचा दबते. म्हणून उभे धागे, दोन्ही बाजूले." मग एक टोक घट्ट धरून दुसरं पिळतो. "आन् हे पिळणं. पिळण्याले उभा धागा कामाचा नाई. त्याले तिरपाच लागते."

एवढीच गोष्ट, पण कार्बनच्या नावेचं सगळं शास्त्र इथून निघतं. लोखंड कुठूनही ओढा, सारखंच सोसतं; ते दिशा विचारत नाही. कार्बनचा धागा लांबीत ओढला तर वजनाच्या हिशेबात पोलादाला मागे टाकतो, आडवा ओढला तर त्याची ताकद काहीच नाही, तिथे सगळा भार मधल्या चिकट रेझिनवर येतो. म्हणजे नाव बांधणाऱ्यानं कापड पसरण्याआधी ठरवायचं की जोर कुठून येणार. ठरवण्यात चूक झाली तर वस्तू दिसायला तशीच दिसते.

मेहुणे चहाचा कप घेऊन दाराशी उभे. तीस वर्षं कापूस पिकवलेला माणूस. एक सुटा धागा चिमटीत धरून बत्तीसमोर नेतात. "हा कोळसाच हाय ना जी, शेवटी?"

शेवटी कोळसाच. अॅक्रिलिकच्या स्वेटरचा धागा ज्या जातीचा, त्याच जातीचा धागा घ्यायचा. हवेत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा, मग हवा वर्ज्य करून हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकी सगळं उडून जातं, कार्बन तेवढा उरतो. एका धाग्याची जाडी ७ मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जपानात ओसाकाच्या सरकारी प्रयोगशाळेत अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास ही वाट पाडली. पण मेहुण्यांना मी वेगळंच सांगतो. त्याच्याही ऐंशी वर्षं आधी, १८७९ मध्ये, एडिसनचा दिवा ज्या तारेवर पेटला ती कापसाचा शिवणाचा दोरा जाळून केलेली कार्बनची तार होती.

"कापसाचा?" मेहुणे धागा पुन्हा बत्तीसमोर धरतात. "मंग तवा भाव बरा असन." आणि चहा पिऊन शेताकडे निघतात.

पाच वाजून गेले. आता बोलणं बंद. इलेक्ट्रॉनिक काट्यावर १४० ग्रॅम रेझिन, ४२ ग्रॅम हार्डनर. शंभराला तीस, एक ग्रॅम इकडेतिकडे नको. अंदाजानं ओतायचं हे काम नव्हे. हार्डनर मुद्दाम मंद जातीचा. तीन मिनिटं ढवळून तो मिश्रण कपात ठेवत नाही, लगेच एका पसरट ताटात ओततो. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, तापलं की आणखी लवकर घट्ट होतं. खोल भांड्यात ती उष्णता अडकते, पसरट ताटात निघून जाते. दर दहा अंशांना हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, हा कारागिरांचा ठोकताळा. गोव्यात वातानुकूलित खोलीत जे तास-दीड तास पुरतं, ते दुपारच्या नांदगावात दहा-पंधरा मिनिटांत हातातून गेलं असतं.

प्लास्टिकच्या चादरीवर तो कापड पसरतो, ब्रशनं रेझिन लावतो, रबरी पट्टीनं निपटतो. करडेपणा जाऊन कापड काळंभोर होतं, तेव्हा ते पुरेसं भिजलं. जास्तीचं रेझिन निपटून परत ताटात. "रेझिन जास्त झालं म्हणून मजबुती येत नाई मामाजी. वजन येते नुसतं." आधी लाकडावर एक उरेब थर, पुढच्या गोल कडेवरून दोन्हीकडे गुंडाळलेला. त्यावर उभ्या पट्ट्या, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला. वरून पुन्हा उरेब. बहीण मागची कड धरून उभी आहे. कापड सरकलं की ४५ अंशांचे ४० होतात. तिची बोटं हातमोज्यांतूनही बरोबर तेवढाच ताण देतात. यार्डात माणूस ठेवायचा झाला तर हिलाच ठेवावं, असं मला वाटतं. तिथला पगार ऐकून ती येणार नाही, हा भाग वेगळा.

थर बसले. वरून पील प्लाय, म्हणजे रेझिन सुकल्यावर सोलून काढायचं पातळ नायलॉनचं कापड. त्यावर भोकांची प्लास्टिकची फिल्म, त्यावर जास्तीचं रेझिन शोषणारी पांढरी लादी. हे सगळं एका लांबट प्लास्टिकच्या पिशवीत, कडा काळ्या चिकट टेपनं बंद. पिशवीतून नळी निघते ती पंपाकडे. पंप एसी मेकॅनिकचा. एसीत गॅस भरण्यापूर्वी ज्या पंपानं नळ्यांतली हवा ओढतात, तोच. त्याचं मीटरही त्यालाच जोडलेलं. भाड्याचं ठरलंय, पण खरी अट वेळेची आहे: सकाळी अकराला पंप परत. मे महिन्यात एसीवाल्याचा पंप मागणं म्हणजे पेरणीत बैल मागण्यासारखं.

बटण दाबलं. पिशवी आधी सुस्त हलते, मग आक्रसते, मग एकदम पात्याला घट्ट बिलगते. सुरकुत्या उभ्या राहतात. मीटरचा काटा सरकत पाऱ्याच्या २५ इंचांवर टेकतो. पंप काही दाबत नाही, तो फक्त आतली हवा काढतो. दाबते ती बाहेरची हवा. एका चौरस सेंटिमीटरवर ८५० ग्रॅम. पात्याच्या एका अंगाचा हिशेब केला तर नऊशे किलोंच्या वर. इतकं ओझं सगळीकडून सारखं, कुठेही उणंअधिक नाही. जगातला कुठलाही शिकंजा असा दाब देऊ शकत नाही. पांढऱ्या लादीवर रेझिनचे ओले ठिपके उमटू लागतात.

सहाला दहा कमी आहेत. ताटात उरलेलं रेझिन त्यानं कुठल्याशा कपात ओतून ठेवलं होतं. त्या कपातून धूर निघतोय. प्लास्टिकचा कप एका बाजूला बसत चाललाय. बहीण तो चिमट्यानं उचलून अंगणात ठेवते.

सात वाजता लाईट जाते.

पंपाची घरघर थांबते, आणि शेडमध्ये तिघंही मीटरकडे बघतो. ह्यानं झडप आधीच बंद केली आहे. काटा २५ वर. दोन मिनिटांनी २४. पिशवीला कान लावून तो कडेनं सरकत जातो. एका कोपऱ्यात बारीक शिट्टी. टेप अंगठ्यानं दाबतो, शिट्टी बंद. काटा २४ वर स्थिर. लाईट यायला वीस मिनिटं लागतात, तोवर कुणी बसत नाही.

आठच्या सुमाराला शेजारची पोरगी येते. दहावीला आहे, खांद्यावर तिरंदाजीची लांब बॅग. नांदगाव खंडेश्वर बाहेरगावी दोन गोष्टींसाठी माहीत आहे: हेमाडपंती खंडेश्वर मंदिर, आणि धनुर्विद्या. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात पहाटे मैदानावर ओळीनं उभी राहून बाण सोडणारी पोरं-पोरी नवी नाहीत. ती बॅगेतून धनुष्याची एक पाकळी काढते. तिच्या तोंडात शब्द 'लिंब'. धनुष्याच्या मधल्या मुठीला वर-खाली दोन लिंब लागतात, वाकतात ते हे.

"दादा, हे जुळते काय?"

कडेला केसासारखी पांढरी रेघ, बोटभर लांब. कुण्या लहान पोरानं बाण न लावता दोरी ताणून सोडली. एरवी लिंबमधला बहुतेक जोर बाण घेऊन जातो. बाणच नसला तर तो उलटून लिंबमध्येच शिरतो. भाचा खिशातून एक रुपया काढतो आणि लिंबवर टकटक करत सरकतो. टक्, टक्, टक्, मग एका जागी आवाज बसका. पुन्हा टक्, टक्. पांढऱ्या रेघेच्या पुढे चार बोटं आवाज बसकाच.

"दिसते त्याच्याहून लांब उकललं आतून," तो म्हणतो. "नाई जुळत. जुळवलं तरी ताणताना तोंडावर येईन."

"नवी जोडी म्हणजे बाबाचं अर्धं सोयाबीन, दादा."

"माहीत हाय. तरी नाई."

ती लिंब परत घेत नाही, त्याच्याच हातात राहू देते. तो तुटकी कड माझ्याकडे वळवतो. उघड्या पडलेल्या छेदात थर दिसतात: मधे फिक्या रंगाचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या धाग्याचे आणि कार्बनचे काळे पापुद्रे. आणि टेबलावर पिशवीत श्वास कोंडून पडलेलं सुकाणू? मधे शिवणीचं लाकूड, दोन्ही अंगांना काळे पापुद्रे. शर्यतीच्या मोठ्या नावांची भिंतही अशीच. तिथे गाभा फोमचा किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीचा असतो. गाभ्याचं काम दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचं. ते जितके दूर, तितकी वस्तू वाकायला कठीण, आणि वजन जवळपास तेवढंच. गाभ्यापासून पापुद्रा सुटला की संपलं.

पोरगी बाणाच्या भात्यातून एक बाण काढून भाच्याला देते. कार्बनची नळी, करंगळीहून बारीक. "हे बी तेच ना? आमचे सर याचा स्पाईन मोजतात." बाण दोन आधारांवर २८ इंच अंतरात ठेवायचा, मधे ८८० ग्रॅम वजन टांगायचं, तो किती खाली झुकतो ते बघायचं. झुकणं अर्धा इंच, तर स्पाईन ५००. धनुष्याच्या ताकदीला ज्याचा स्पाईन जुळत नाही तो बाण सरळ जात नाही, कितीही नेम धरा. भाचा लक्ष देऊन ऐकतो. "संध्याकाळी ये," तो तिला म्हणतो. "याचा स्पाईन मोजू."

साडेदहालाच एसी मेकॅनिक दारात. डोक्याला ओला दुपट्टा, हेल्मेट कोपरात. "झालं का जी? नेरहून तीन फोन आले." भाचा पिशवीबाहेर राहिलेल्या रेझिनच्या ओघळाला नख लावून बघतो, ओघळ काचेसारखा तडकतो. थर्मामीटर ३९ वर गेलाय. गोव्यात रात्रभर लागलं असतं ते इथे पाच-सव्वापाच तासांत झालं. पंप सुटतो. मेकॅनिक जाता जाता पात्याकडे बघतो. "याचं करता काय?" नावेचं सुकाणू म्हटल्यावर तो जरा थांबतो. "सिंभोऱ्याच्या धरणावर चालवसान?" अप्पर वर्धा धरण, मोर्शीकडे, अमरावती जिल्ह्यातलं त्यातल्या त्यात मोठं पाणी. भाचा हसतो, हो-नाही काही म्हणत नाही.

पिशवी फाडून, लादी ओढून, पील प्लाय सोलला जातो. कर्रर्र आवाज करत कापड निघतं आणि खाली मॅट काळा पृष्ठभाग उघडा पडतो. चमक नाही, आणि ती नको आहे. यावर अजून रंग चढायचाय. काट्यावर पातं साडेसातशे ग्रॅमच्या जवळ भरतं. एवढंच पातं भरीव लोखंडाचं केलं असतं तर आठ किलोंच्या वर गेलं असतं.

आणि आता तो ते छतावर चढवतो.

साडेबारा वाजलेत, हवा ४४ अंश. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून मी टिनाला बोट लावतो आणि मागे घेतो. दोन लाकडी पट्ट्यांवर पातं ठेवून, वर काळं कापड टाकून, कापडाखाली थर्मामीटरची तार सोडलेली. तासाभरात आकडा ६० च्या पुढे. सकाळी ज्या उन्हाच्या भीतीनं साडेचारला उठलो, तेच ऊन आता भट्टी म्हणून कामाला लावलंय. थंड जागी घट्ट झालेलं रेझिन पुढे कधी पन्नास अंशांवर तापलं की मऊ पडू शकतं, आणि काळी वस्तू किनाऱ्यावरच्या उन्हात सहज तितकी तापते. आधीच ६० ला शेकून ठेवलं की मग ते डगमगत नाही. मोठ्या यार्डांत यासाठी भट्ट्या असतात. तिथे रेझिन आधीच भिनवलेलं कापड उणे १८ अंशांत गोठवून ठेवतात आणि मग दाबाखाली शंभर अंशांच्या आसपास भाजतात. अमेरिकाज कप शर्यतीच्या ज्या ७५ फुटी नावा २०२१ मध्ये ऑकलंडला आणि २०२४ मध्ये बार्सिलोनाला पळाल्या, त्या अशा. ताशी ९० किलोमीटरच्या पलीकडे, पंखांवर उभ्या. दोन्ही वेळा न्यूझीलंडचा संघ जिंकला.

खाली कूलरसमोर जेवण. ज्वारीची भाकर, कांदा, चिंचेचं सार. भाचा मोबाईलवर जुनी चित्रफीत लावतो. ५ मार्च १९९५, सॅन डिएगोसमोरचा समुद्र. 'वनऑस्ट्रेलिया' ही कार्बनची शर्यती नाव लाटेवर आपटत चाललीय. एकदम मधे खचते, नाक आणि शेपूट वर येतात, माणसं उड्या मारतात. दोनेक मिनिटांत शीड-डोलकाठीसकट नाव तळाला. माणसं सगळी वाचली. बहीण भाकर हातात धरून बघते. "इतके इंजिनेर असून?"

"इंजिनेर असले म्हणूनच इतकी हलकी केली," तो म्हणतो.

मला या उत्तरात खोटं काही सापडत नाही. शर्यतीची नाव हा कमीत कमी सामानाचा हट्ट असतो. आपल्याकडच्या नावाजलेल्या नावांचा स्वभाव वेगळा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' २००९ मध्ये नौदलाला मिळाली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीला वळसा घालून २०१० च्या मे महिन्यात परतले, असं करणारे पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमींनी त्याच नावेतून, कुठेही न थांबता, तोच वळसा घातला. तिथेच बांधलेल्या 'तारिणी'तून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जाऊन आल्या. या दोन्ही लाकडी गाभ्यावर काचेच्या धाग्याच्या, कार्बनच्या नव्हेत. त्यांना पळायचं नव्हतं, टिकायचं होतं. आणि त्याही आधीची 'सुहैली'. साठच्या दशकात मुंबईत सागवानात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हिच्यातूनच १९६९ मध्ये एकट्यानं न थांबता जग फिरून आलेले पहिले खलाशी झाले. तो प्रवास तर शर्यतच होता; पण बाकीचे स्पर्धक गळाले आणि सगळ्यांत धीमी म्हणावी अशी नाव पोचली.

"ते वेगळं मामाजी," भाचा ताट सारतो. "त्या नावेले वर्षभर जगायचं असते. मॉथले दोन तास."

समुद्र गावापासून किती लांब, असं मी म्हणतो, तर त्याचं उत्तर तयार. नेहा ठाकूर, मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोरगी. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आयएलसीए-४ नावेत रौप्यपदक घेऊन आली. "देवासले कोणता समुद्र हाय?"

पाचला पातं खाली उतरतं. हाताला अजून चटका बसतो. ते निवेस्तोवर पोरगी येते, किराणा दुकानातून १० किलोंची चार वजनंही येतात. आधी रुपयाची परीक्षा. भाचा पात्याच्या टोकापासून सुरू करतो. टक्, टक्, टक्, एकसारखा कोरडा आवाज. दुसऱ्या अंगाला मागच्या कडेशी, टोकापासून वीतभर अलीकडे, नाणं बसकं वाजतं. पुन्हा वाजवतो. अंगठ्याएवढी जागा. बहुधा लाईट गेली तेव्हाची. खडूनं तो तिथे गोल काढतो.

"बारीक भोक पाडून रेझिन सोडतो सुईनं. होऊन जाईन."

पोरगी कमरेवर हात ठेवते. "वा जी दादा! माह्या लिंबले नाई म्हणतं, आन् याले हो?"

तो चिडत नाही. लिंब उचलून बोट ठेवतो. "तुह्यं इथं उकललं, बरोब्बर मधात. दर बाणाले सगळा जोर इथूनच जाते. याच्यात जोर इथून जाते," तो पात्याच्या जाड पाठीवरून, पुढच्या कडेच्या जवळून बोट ओढतो, जिथे खाली उभ्या पट्ट्या आहेत. "ह्या मागच्या कडेले पाणी फक्त सोडून द्याचं असते. तिथं अंगठाभर सुटलं तर चालते. इकडं नखभर सुटलं असतं तरी म्या हे तोडून टाकलं असतं."

पोरगी काही बोलत नाही. पण खडूचा गोल आणि आपली पांढरी रेघ, दोन्हींकडे आळीपाळीनं बघते.

पात्याचं एक टोक टेबलाला दोन शिकंजांनी आवळलंय, ७० सेंटिमीटर बाहेर. मोकळ्या टोकाला सुतळीची झोळी, शेजारी उभी धरलेली स्टीलची पट्टी. पोरगी वाकून डोळा पट्टीच्या रेषेत आणते. बाण मोजून मोजून तिला हे अंगवळणी पडलंय.

"दहा."

"एकवीस मिलिमीटर."

"वीस."

"त्रेचाळीस... नाई, बेचाळीस."

भाचा वहीत लिहितो. दुप्पट वजन, दुप्पट झुकणं. म्हणजे आत कुठे काही सरकत नाही, लाकूड आणि कापड एकजीव वागतंय. सकाळी नुसत्या लाकडाला दहा किलो टांगले होते तेव्हा ते दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं. तीस किलो. बहीण दोन पावलं मागे सरते. चाळीस. टोक साडेआठ सेंटिमीटर झुकलंय, पातं धनुष्यासारखं दिसतंय, पण आवाज नाही. तो मनाशी दहापर्यंत मोजतो आणि वजनं एकेक काढतो.

"शून्य," पोरगी म्हणते. "बरोबर शून्यावर आलं."

"आता खरं काम," तो वही मिटत म्हणतो. या पात्याच्या खालच्या टोकाला आडवा पंख बसायचाय, उलट्या 'टी'सारखा. नावेचा मागचा भार तोच उचलणार. उभ्या-आडव्याच्या जोडावर जोर सगळीकडून येतो, वाकणं, पिळणं, उपटणं, एकाच वेळी. तिथे धागा कुठल्या दिशेनं घालायचा, यावर गोव्यातले दोस्त फोनवर दोन रात्री भांडतायत. एक म्हणतो पंखातले धागे फाटे फोडून उभ्या पात्यात चढवा. दुसरा म्हणतो दोन्ही वेगळे करून मळसूत्रानं जोडा, तुटलं तर पंख तरी बदलता येईल. बहीण टेबलावरचे काळे तुकडे गोळा करता करता ऐकते आहे.

"मळसूत्रानं केलं तं भोक पाडा लागन ना?" ती विचारते.

"लागन."

"म्हणजे जे धागे आख्खे ठेवाले एवढा जीव काढला, तेच कापसान?"

भाचा तिच्याकडे बघतो. मग मोबाईल उचलून गोव्याला फोन लावतो, आणि पलीकडून हॅलो यायच्या आत तिलाच विचारतो की उरलेल्या कापडात उरेब पट्ट्या किती निघतील.